दोन घोट दूध

आमच्या धाकट्याच्या दाढा किडल्या, याचा दोष आम्ही कोणाला देणार? रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय आम्हीच लावली होती. मिस्वाकची एवढी ताकीद असलेल्या घरात साडेचार वर्षांच्या मुलाच्या चार दाढा पोखरल्या जाव्यात, याची लाज वाटली. शेजारीपाजारी म्हणत, दुधाचेच दात आहेत, पडून जातील. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळले. तोवर पोर एका बाजूनेच चावत होते आणि रात्री गाल धरून रडत होते.

नळदुर्गहून सोलापूर पन्नासेक किलोमीटर. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, एवढे काम हा जागेपणी करू देणार नाही. गुंगीचे औषध देऊ. पूर्ण भूल नाही. हाक मारली तर ओ देईल, पण घाबरणार नाही. सोबत भूलतज्ज्ञ असतील.

मग सूचना दिल्या. सकाळी नऊची वेळ. रात्री हलके जेवण, ते दहाच्या आत. त्यानंतर दूधसुद्धा नाही, कारण पोटात दूध जेवणासारखेच धरायचे, सहा तास. साधे पाणी मात्र सातपर्यंत चालेल. सर्दी, खोकला, ताप असला तर आधी कळवा आणि घरात खोकल्याचे कोणते औषध दिले असेल तर तेही सांगा, कारण त्यातल्या काहींनी आधीच गुंगी येते. आम्ही सगळे लिहून घेतले. धाकट्याला सांगितले, तुझा छोटा रोजा आहे, परत आल्यावर इफ्तारी. तो खूश झाला. पावसाळा होता, बोरी नदी भरून वाहत होती, म्हणून किल्ल्यातला नर-मादी धबधबा दाखवायचेही कबूल केले.

दादी सोबत आल्या. नातवाला एकटे सोडवेना. बोरामणी मागे पडेपर्यंत त्यांची तसबीह चालूच होती.

दवाखान्यात भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी विचारले, सकाळपासून पोटात काय गेले? आम्ही छातीठोकपणे म्हणालो, काही नाही. परिचारिका छोट्या पेल्यात गोड औषध घेऊन आली. तेवढ्यात दादींची तसबीह थांबली. खाली मान घालून त्या म्हणाल्या, "बेटी, जरा थांब. फजरला उठला होता. भूक भूक करत होता. दो घोट दूध और एक बिस्कुट दी मैं."

आम्हाला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. रागही आला. गाडीचे भाडे गेले, एका दिवसाचे काम बुडाले आणि त्या दिवशीची पुढची वेळ भरलेली होती. आता आठ दिवसांनी. आम्ही काहीतरी बोलणार, तोच बाईंनी दादींना खुर्ची दिली. म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही बोललात ते फार बरं केलंत." मग समजावून सांगितले. गुंगीत गिळण्याची आणि ठसका लागण्याची ताकद मंदावते. पोटातले वर आले तर ते श्वासनलिकेत उतरू शकते. जागेपणी मूल खोकून बाहेर काढते, गुंगीत ते जमेलच असे नाही.

परतीच्या रस्त्यात कोणी बोलले नाही. दादी खिडकीबाहेर बघत होत्या.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी दादी रात्रभर त्याच्या उशाशी बसल्या. औषध पाजल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत त्याचे डोळे जड झाले, जीभ लडबडू लागली. मध्येच कारण नसताना हसला, मग मोठ्याने रडला. आम्ही हादरलो. बाई म्हणाल्या, काही मुलांना असे होते, मांडीवर घट्ट धरा, हळू बोला. बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावले. ते नाडी आणि रक्तातला प्राणवायू दाखवते. तरी बाईंची नजर यंत्रापेक्षा त्याच्या छातीवर जास्त होती.

ते पाहून पुढे आम्ही थोडे वाचले, तेव्हा एक गोष्ट आपल्याच मुलखातली निघाली. आपला भाग निजामाच्या राज्यात होता त्या काळात, 1888 आणि 1889 साली, हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. खर्च निजाम मीर महबूब अली खान यांनी दिला. सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे होते की भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवा. हृदयाला क्लोरोफॉर्मचा धोका नाही, हा त्यांचा दावा पुढे चुकीचा ठरला, पण श्वासावर लक्ष ठेवण्याची शिकवण टिकली. त्याच हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी मानल्या जातात. आमच्या समोर उभ्या असलेल्या बाईंना हे माहीत होते की नाही, विचारायचे राहून गेले.

काम तासाभरात झाले. दोन दाढांना स्टीलच्या टोप्या बसल्या, दोन भरल्या. पण लगेच सोडले नाही. त्याने नीट डोळे उघडले, मान सावरली, पाण्याचा घोट पोटात ठेवला, तेव्हाच निघायला सांगितले.

परतीचा प्रवास आम्हाला सगळ्यात अवघड गेला. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने फक्त मुलाकडे बघायचे, अशी ताकीद होती. झोपेत मान पुढे लवून हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट अडते. म्हणून पन्नास किलोमीटर एक हात त्याच्या कपाळावर होता. त्या दिवशी मोटारसायकलवर नेले असते तर काय झाले असते, हा विचार अजून येतो. आपल्याकडे किती जण तसेच नेतात!

घरी खाली गादी घातली, कुशीवर निजवले. जिना बंद, मोरीत एकटे जाणे बंद. ओठ दोन-तीन तास बधिर होता आणि त्याला ती मोठी गंमत वाटत होती. सारखा चावून बघायचा. दोनदा बोट घालून ओठ सोडवला. बधिरपणात चावलेला ओठ नंतर सुजतो, म्हणून नजर हलवली नाही. आधी पाणी, मग गार पातळ खीर, संध्याकाळी मऊ खिचडी. एकदा ओकला, मग ठीक. पुन्हा पुन्हा ओकला, हलवूनही जागा झाला नाही, घोरल्यासारखा श्वास ओढू लागला किंवा ओठ निळे दिसले तर डॉक्टरांना फोन, नाहीतर थेट 108, हे भिंतीवर लिहून ठेवले होते. गरज पडली नाही, अलहम्दुलिल्लाह. असरनंतर तो धबधब्याचा हट्ट धरून बसला. पाय अजून डगमगत होते, नेले नाही. रडला.

रात्री आम्ही पाळीपाळीने जागलो. पहाटे डोळा लागला. जाग आली तेव्हा दादी दाराशी उभ्या होत्या. हातात दुधाचा पेला होता, आणि आत न येता त्या विचारत होत्या, "अब देऊं क्या?"