भट्टीला गेलेत

झांबियातील लोझी लोकांच्या भाषेत ‘कुओम्बोका’ म्हणजे पाण्यातून बाहेर येणे. पावसाळ्याच्या अखेरीस झांबेझीकाठचा सखल प्रदेश जलमय झाला, की त्यांचा राजा, लितुंगा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘नालिक्वांडा’ नावेतून लेआलुईहून उंचावरच्या लिमुलुंगाला जातो. आदल्या रात्री राजनगारे वाजतात. पाणी ओसरल्यावर परतीचाही सोहळा होतो. (लितुंगा नावेत चढतो देशी वेशात आणि उतरतो ब्रिटिश अॅडमिरलच्या गणवेशात! वसाहतोत्तर समीक्षेला हा आयताच विषय, असो.)

हे वाचताना मला पेण-रोह्याच्या कातकरीवाड्या आठवत राहिल्या. इथेही ऋतू पालटला की अख्खी वाडी निघते. भातकापणी उरकते, दिवाळी होते आणि कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. परततात ती पावसाच्या तोंडाशी. त्यांना हलवते ते पाणी नव्हे, उचल. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, आजारपण येते, लग्न निघते. तेव्हा मालकाकडून घेतलेले पैसे नवरा-बायकोने हंगामभर विटा पाडून फेडायचे. मजुरी हजार विटांमागे, हिशेब मालकाच्या वहीत आणि हंगामाअखेर बाकी पुष्कळदा मजुराच्याच अंगावर. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 सालचा आहे, हे इथे नुसते नोंदवतो.

खैरापासून कात काढणारा तो कातकरी, कातोडी. इंग्रजी अमलात जंगल राखीव होत गेले, खैर हातचा गेला. व्यवसाय सुटला, नाव मात्र चिकटून राहिले.

रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते. सशस्त्र पोलीस तिला मानवंदना देतात. त्यानंतर काही आठवड्यांतच ट्रक भरू लागतात: भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे. वारीसाठी आपल्या भाषेने प्रस्थान, रिंगण, मुक्काम असे किती शब्द घडवले! या जाण्याला मात्र ‘स्थलांतर’ हा एकच कोरडा, सरकारी शब्द. वाडीवर विचाराल तर म्हातारी सांगते, “भट्टीला गेलेत.”

प्रवासवर्णन शिकवताना मी एकदा वर्गाला स्वतःच्या प्रवासावर लिहायला सांगितले. एका कातकरी विद्यार्थिनीने दीड पान लिहून आणले. त्यात वाट नव्हती, निसर्ग नव्हता. ट्रकमध्ये काय चढवले आणि घरी काय राहिले, एवढेच होते. पाटा राहिला. शाळेची पिशवी एका वर्षी गेली, पुढच्या वर्षी राहिली. दाराला कुलूप नव्हते, काटेरी फांदी लावली. “सर, हे प्रवासवर्णनात बसतं का?” तिने विचारले. माझ्या मते, ते त्या वर्गातले सर्वोत्तम लेखन होते.

तिचे वडील आजारी होते. विटा पाडायला जोडी लागते आणि उचल तर आधीच घेतलेली होती. परीक्षेचे अर्ज डिसेंबरात भरायचे होते. तिने तो भरला, शुल्काची पावती माझ्याकडे ठेवायला दिली आणि दुसऱ्या दिवशी आईबरोबर ट्रकमध्ये चढली.