पाण्याचं भांडं

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचा मोत्या गेला. जात विचाराल तर अस्सल गावठी. 2011 च्या पावसाळ्यात दवाखान्याच्या जिन्याखाली कुडकुडत बसलेलं हे पिल्लू माझ्या मुलीने आपल्या रेनकोटात गुंडाळून घरी आणलं. "देवघर असलेल्या घरात कुत्रं नको," असं आई ठणकावून म्हणाली. चौथ्या दिवशी तीच त्याला दूधभात कालवून देत होती.

पुढे आईला मधुमेह निघाला. "रोज चाल" म्हणून मी तिच्या मागे लागलो, पण माझं तिने कधी ऐकलं नाही. मोत्याचं ऐकलं. सकाळी सहाला तो दाराशी जाऊन उभा राहायचा आणि आई हातात काठी घेऊन निघायची. तिची साखर आटोक्यात राहिली त्याचं निम्मं श्रेय माझ्या गोळ्यांना, निम्मं त्याला.

यंदा एप्रिलमध्ये तो पाणी जास्त प्यायला लागला. भांडं दिवसातून तीनदा भरावं लागायचं. रात्री बाहेर जायला उठवायचा. बायको म्हणाली, "अहो, हा फार पाणी पितोय." मी म्हणालो, "उन्हाळा आहे."

तहान वाढली आहे का, रात्री लघवीला किती वेळा उठता, हे दोन प्रश्न मी रोज कितीतरी पेशंटना विचारतो. घरात मात्र ते मला सुचले नाहीत.

मे संपताना त्याने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन नऊच्या वर. कुत्र्यांमध्ये ते साधारण दीडपर्यंत असतं. पुढचं त्यांनी मला समजावून सांगायची गरज नव्हती.

तुम्हाला मात्र सांगतो, कारण माणसाची मूत्रपिंडंही अशीच वागतात. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. त्यातल्या काही बंद पडल्या की उरलेल्या जास्त काम करून भरपाई करतात, त्यामुळे बराच काळ काही जाणवतच नाही. कुत्र्यात सुमारे दोन तृतीयांश काम थांबल्यावर लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. मग पातळ लघवी भरपूर होते, शरीरातलं पाणी कमी होतं आणि तहान वाढते. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं ते त्याहूनही उशिरा. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासा, असं मी सांगत असतो.

चार दिवस सलाईन लावलं. पाचव्या दिवशी त्याला मानही उचलता येईना. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "इंजेक्शन देऊया का?" आपल्या देशात माणसाचा जीव इंजेक्शन देऊन संपवायला कायद्याची परवानगी नाही, त्यामुळे इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असा निर्णय माझ्यावर कधी आला नव्हता. मी सही केली. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आधी गुंगीचं औषध, मग दुसरं इंजेक्शन. त्याला काही कळलं नाही.

त्या रात्रीपासून मला एकच वाक्य छळत होतं: "आधी ओळखायला हवं होतं." हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून हजारदा ऐकलं आहे आणि प्रत्येकाला म्हणालो आहे, "तुमची चूक नाही, तेव्हा जे दिसत होतं त्यावरून तुम्ही ठरवलंत." स्वतःला ते सांगून पाहिलं. पटलं नाही. एप्रिलमध्ये तपासणी केली असती तर कदाचित काही महिने जास्त मिळाले असते. बरा झाला नसता. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही घेऊनच राहावं लागतं, एवढं आता कळलंय.

त्याच दिवसांत मला एक काकू आठवल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब अचानक वाढला, झोप उडाली. कारण विचारलं तर डोळे पुसत म्हणाल्या, "आमची राणी गेली." राणी म्हणजे कुत्री. मी गोळीचा डोस वाढवला आणि म्हणालो, "दुसरं पिल्लू आणा, बरं वाटेल." बाहेर पेशंट खोळंबले होते.

हे वाक्य चुकीचं होतं. एकट्या माणसासाठी कुत्रा म्हणजे दिवसाचं वेळापत्रक असतं, बोलायला कुणीतरी असतं. माणूस गेला तर भेटायला लोक येतात, दहावं-तेरावं असतं. कुत्रा गेल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आणि कुणी विचारलं तर "काही नाही" म्हणायचं. दुःख तेवढंच, पण ते ठेवायला जागा नाही.

आमच्या आईचंच पाहा. मोत्या गेल्यावर तिचं फिरणं थांबलं, जेवण अर्ध्यावर आलं. दोन आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर 190 निघाली. माझा हात आधी डोस वाढवायला गेला. मग थांबलो आणि दुसऱ्या दिवशी सहाला तिच्याबरोबर मीच निघालो. पहिले तीन दिवस ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "इथे तो नेहमी थांबायचा." मग घरी येईपर्यंत बोलत राहिली. आता साखर उतरते आहे.

तुमच्या घरात असं घडलं तर रडू द्या, बोलू द्या. मुलांना "तो गावाला गेला" असं खोटं सांगू नका. ती वाट पाहत राहतात. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन-तीन आठवड्यांनीही परत येत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जगावंसं वाटत नसेल, तर थांबूच नका. टेली मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर कधीही बोलता येतं. आणि छातीत दुखलं, दम लागला तर "दुःखामुळे असेल" म्हणून घरी बसू नका. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता कमकुवत होऊ शकतो. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात, त्यामुळे लगेच ईसीजी काढायलाच हवा.

गेल्या आठवड्यात त्या काकू रक्तदाब तपासायला आल्या. पट्टा गुंडाळताना मी म्हणालो, "काकू, राणी गेली तेव्हा मी तुमच्याशी नीट बोललो नाही. माफ करा."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "तुमचा किती वर्षांचा होता?"

बाहेर पेशंट खोळंबले होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागलो.