बापू, पिस्तुलाच्या अर्जाबद्दल

हिंगोली,
१४ सप्टेंबर २०२५

चि. बापू,

महालक्ष्म्यांच्या जेवणाला वसमतला आले होते तेव्हा तू मोंढ्यातून उशिरा आलास आणि हात धुऊन लगेच परत गेलास. बोलणं झालं नाही. पुरण वाटता वाटता वहिनी हळूच म्हणाली, "ताई, ह्यानं पिस्तुलाच्या लायसनचा अर्ज केलाय." तिच्या आवाजात कौतुक होतं आणि धास्तीही होती. फोनवर विचारलं असतं तर तू "हो आत्या, बघू आत्या" म्हणाला असतास आणि मी गप्प बसले असते. शिवाय या पत्रात एक गोष्ट अशी आहे, जी फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहायला बसले.

तुझी कारणं मला कळली आहेत. हळदीच्या हंगामात रोकड घेऊन रात्री औंढा रस्त्यानं गावी यावं लागतं. मोंढ्यात दोघा-तिघा आडत्यांकडे पिस्तूल आहे. आणि पहलगाम झाल्यापासून तुला वाटतंय की पोलीस येईपर्यंत माणूस संपलेला असतो, आपलं रक्षण आपणच करायला हवं. यातलं एकही कारण मी उडवून लावणार नाही. २२ एप्रिलला बैसरनला २६ माणसं मारली, त्यांत आपल्या महाराष्ट्राची सहा. धर्म विचारून मारली. त्या रात्री मलाही तुझ्याएवढाच संताप आला होता.

बंदूक म्हणजे पाप, असंही मी म्हणणार नाही. मी आबांची मुलगी आहे. येत्या बुधवारी १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. इतकी वर्षं मुलांना मुक्तिसंग्राम शिकवला, पण आबांनी सांगितलेलं सगळं वर्गात कधी सांगता आलं नाही. रझाकारीत आपल्या गावात एकच ठासणीची बंदूक होती. बाकीचे लोक माळवदावर दगड रचून, गोफणी घेऊन पाळीपाळीनं रात्र काढायचे. रझाकारांना निजामाच्या पोलिसांचीच साथ, मग फिर्याद द्यायची कुणाकडे? हद्दीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडला कॅम्प पडला, तिकडून आपली पोरं लढली. ३० जानेवारी १९४८ला नांदेडकडची उमरीची बँक लुटली, ती लढ्याला पैसा हवा म्हणून. वसमतला ज्यांच्या नावाची पाटी तू शाळेत जाता-येता वाचायचास, ते वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात गेले. राज्यच लुटारूंच्या बाजूनं उभं राहिलं तर हत्यार उचलण्यावाचून गत्यंतर नसतं, हे मी मनापासून मानते.

त्याच ३० जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीत एका मराठी माणसानं बेरेटा पिस्तुलातून गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. आबा या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायचे आणि मग बराच वेळ बोलायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार उशिरा, शेवटच्या आजारपणात सांगितली. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १३ तारखेला भारताच्या फौजा शिरल्या आणि १७ला निजाम शरण आला. रझाकार पळाले, हत्यारं राहिली. त्यांचे धनी तेवढे बदलले. पुढं जे झालं ते रझाकारांना धडा शिकवण्यापुरतं राहिलं नाही. ज्यांनी कधी काठी उचलली नव्हती असे राबणारे मुसलमान आपल्या मराठवाड्यात मारले गेले. नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार माणसांचा आहे, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचं नांदेड आहे. तो अहवाल २०१३पर्यंत लोकांपुढं आलाच नाही. आबा म्हणाले, "बाई, रझाकाराला भ्यालो नाही तेवढा त्या दिवसांत आपल्याच माणसांना भ्यालो."

पोलीस ॲक्शननंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर १९४८मध्ये, घटना समितीत ह. वि. कामतांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी दुरुस्ती मांडली. मागणी नवी नव्हती. इंग्रजांनी १८७८च्या कायद्यानं लोकांना निःशस्त्र केलं होतं, आणि कराचीच्या १९३१च्या अधिवेशनात काँग्रेसनंही हा हक्क मागितला होता. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती मानली नाही. सरसकट हक्क दिला की तो अट्टल गुन्हेगारालाही मिळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आपल्याकडे १९५९च्या कायद्यानं परवाना मिळतो. कलेक्टर तो देतो आणि काढूनही घेतो. मला हा त्या पिढीचा फार शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्यांनी बंदूक दोन्ही बाजूंनी पाहिली होती.

आता पहलगामबद्दल. अतिरेकी एके-४७ घेऊन येतो. २६/११ला करकरे, कामटे, साळसकर एकाच गाडीत होते. तिघंही कसलेले अधिकारी, हाताशी हत्यारं, आणि तिघंही गेले. तुकाराम ओंबळ्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. हे मी ओंबळ्यांचं धैर्य सांगायला लिहीत नाही, ते तुला ठाऊकच आहे. कंबरेला ३२ बोअरचं पिस्तूल असलेला हळदीचा व्यापारी त्या रात्री काय करू शकला असता, एवढंच स्वतःशी विचारून बघ.

दुसरं असं की आपण भितो कुणाला? पेपर उघड. "दहशत माजवण्यासाठी हवेत गोळीबार" हे वाक्य तू शंभर वेळा वाचलं असशील. ऑगस्ट २०२३मध्ये आपल्या जिल्हा परिषदेच्या आवारात भर दिवसा एका राजकीय पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गावात दहशत पसरली, असंच सगळे म्हणाले. पण गोळी झाडणाऱ्याला कुणी दहशतवादी म्हणालं का? दहशत हा शब्द आपण सगळ्यांना लावतो आणि त्याच्यापुढचं 'वादी' मात्र आडनाव बघून जोडतो. याच जुलैत मुंबई हायकोर्टानं २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांतले १२ आरोपी सोडले आणि दहाच दिवसांनी विशेष न्यायालयानं मालेगावच्या २००८च्या स्फोटातले सात सोडले. एका निकालाला आपल्या गल्लीत काहींनी पेढे वाटले आणि दुसऱ्याला शिव्या दिल्या, काहींनी त्याच्या उलट केलं. लोकलमध्ये गेलेल्या १८९ माणसांना आणि मालेगावच्या सहांना मग मारलं कुणी, हे कुणीच विचारलं नाही. मला याची लाज वाटते. तुलाही वाटावी.

आणि बीड बघ. मस्साजोगच्या सरपंचांचा खून ९ डिसेंबर २०२४ला झाला. त्यात बंदूक चालली नव्हती. पण त्या निमित्तानं सगळ्या राज्याला कळलं की त्या एका जिल्ह्यात शस्त्रांचे बाराशेहून अधिक परवाने आहेत. हातात पिस्तूल घेऊन काढलेले व्हिडिओ बाहेर आले. प्रशासनाला मग शंभरावर परवाने रद्द करावे लागले. इतकी हत्यारं असून तिथल्या माणसाला निर्धास्त वाटत होतं का? हे लोण आपल्या जिल्ह्यात यावं असं मला वाटत नाही, आणि त्याची सुरुवात आपल्या घरातून तर मुळीच होऊ नये.

तू म्हणशील, लायसनवाले खून करत नाहीत, गावठी कट्टेवाले करतात. बरंचसं खरं आहे ते. देशात गोळीनं होणारे बहुतेक खून विनापरवाना हत्यारांनी होतात, आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीहून कट्टे आले, पकडले, ही बातमी नित्याचीच झाली आहे. पण फेब्रुवारी २०२४चा एकच आठवडा आठव. उल्हासनगरला पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, एका आमदाराच्या परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या. सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुकवर सगळ्यांदेखत मारलं. ते पिस्तूल मारणाऱ्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाचं होतं. तेही परवान्याचं. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतात, ती उगीच नाही. परवाना माणसाचा स्वभाव बघून मिळतो, पण त्याच्या रागाची वेळ कुठल्या अहवालात लिहिलेली नसते.

हिंगोलीत गेल्या नाताळच्या रात्री, २५ डिसेंबरला, एका पोलीस शिपायानं सासरी जाऊन सरकारी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. बायको गेली. सासू, मेहुणा आणि त्याचं स्वतःचं लहानगं पोर जखमी झालं. हत्यार कसं जपायचं, कधी काढायचं, हे त्याला सरकारनं शिकवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात बायका एकच बोलत होत्या: भांडण कुठल्या घरात होत नाही? खरंच आहे. आपल्याही होतं.

माझी लेक डॅलसजवळ राहते हे तुला माहीतच आहे. तिकडे बंदूक हा १७९१पासून घटनेतला हक्क आहे. माणसांपेक्षा बंदुका जास्त. मे २०२३मध्ये ॲलनच्या मॉलमध्ये एकानं आठ जणांना मारलं, त्यात हैदराबादची एक इंजिनिअर मुलगी होती. त्याच्याजवळच्या सगळ्या बंदुका रीतसर विकत घेतलेल्या होत्या. माझा नातू पहिलीत गेला तेव्हा शाळेत त्याला अक्षरांबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली: गोळीबार झाला तर वर्गात आवाज न करता कसं लपायचं. तिथं २०२२ या एका वर्षात बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं गेली. मी हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, सगळे खूनच असतील. लेक म्हणाली, "नाही आई, निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्याच हातानं गेले. आपल्या घरात, आपल्याच बंदुकीनं."

आता ती गोष्ट. दादाला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "सांग त्याला, माझ्यानं सांगवणार नाही."

ऑक्टोबर २०१५. तू पुण्याला शिकत होतास. पाऊस नव्हता, सोयाबीन उभं करपलं होतं. बँकेचं कर्ज होतं आणि खाजगीही होतं. दादाला कावीळ झाली, परीक्षा बुडवून येऊ नकोस, असा निरोप आम्ही तुला दिला होता. कावीळ नव्हती. त्यानं औषध घेतलं होतं. आपल्याकडे औषध म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

त्यानं मला नंतर एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. म्हणाला, मागच्या खोलीत होतो तोवर मरायचं पक्कं होतं. दारातून ओट्यावर आलो, समोर बैल दिसले, आणि मला जगायचं होतं. त्यानंच वहिनीला हाक मारली. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून आधी वसमतला, मग नांदेडला नेलं. नऊ दिवस मी तिथं त्याच्या खाटेशी बसून होते. चौथ्या दिवशी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, बैलांना पाणी दाखवलं का.

बापू, मागच्या खोलीपासून ओट्यापर्यंत दहा-बारा पावलं आहेत. तुझा बाप आज जिवंत आहे तो त्या दहा-बारा पावलांमुळे. पिस्तुलाच्या घोड्यात तेवढं अंतर नसतं.

यंदा तर पीक पाण्यानं गेलं. दादा पुन्हा दोन-दोन दिवस बोलत नाही, हे तूही पाहतोस. कामाचा ताण आहे, असं तुला वाटतं. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि रोज संध्याकाळी जरा वेळ त्याच्याजवळ बस. कपाटाला कुलूप लावीन म्हणशील, पण किल्ली कुठं असते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. आणि मी फक्त दादासाठी भीत नाही. तुझा राग मी तू रांगत होतास तेव्हापासून पाहते आहे. जातो लवकर, पण येतो तेव्हा तुला काही दिसत नाही.

रोकडीची अडचण खरी आहे, तिला उपाय आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे पैसे खात्यावर टाकायला लाग. चार लोक कुरकुर करतील, मग सवय होईल. उरलेली रक्कम बँक बंद व्हायच्या आत भर. काटा उशिरा संपला तर वसमतलाच मुक्काम कर, नाही तर मुनिमाला गाडीत घे. रस्त्यावर कुणी अडवलंच तर पैसे देऊन टाक. पैसे आपण पुन्हा कमावू.

वहिनी म्हणाली, पोलिसांचा अहवाल अजून गेलेला नाही. म्हणजे वेळ आहे. बुधवारी सुट्टी असेल, गुरुवारी सकाळी हिंगोलीला ये, आधी माझ्याकडे चहाला ये. मग आपण दोघं कलेक्टर कचेरीत जाऊ आणि अर्ज मागे घेतो म्हणून लिहून देऊ.

तुझी,
आत्या