आरमोरीचा कोसा आणि आमची घरची शाळा

वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा मागे पडतो आणि गडचिरोली जिल्हा लागतो. ब्रह्मपुरीकडून येणाऱ्या प्रवाशास पुलाच्या अलीकडच्या व पलीकडच्या भूमीत काही भेद दिसावयाचा नाही. त्याच धानाच्या बांध्या, तेच तलाव, बांधांवरची तीच पळसाची झाडे. आणि थोड्याच वेळात आरमोरी येते. आगगाडीने यावयाचे झाल्यास वडशास उतरून पुढे मोटारीने यावे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख चंद्रपुरातच, म्हणजे जुन्या चांद्यातच, मोडत असे. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अद्यापि अरण्याखाली आहे, आणि या पट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात ते उगीच नव्हे.

नागपुरास आमच्या सासरी मात्र आरमोरीचे नाव ठाऊक होते ते यांपैकी कशामुळेही नव्हे. ते ठाऊक होते कोशावरून. सासूबाईंच्या लग्नातील सोवळे आरमोरीच्या कोशाचे आहे. मधाच्या रंगाचे आणि वर्षानुवर्षांच्या वापराने मऊ झालेले ते वस्त्र आजही देवघरातील उंच दोरीवर काठीने घातले जाते. ह्यांची बदली तीन वर्षांपूर्वी इकडे झाली तेव्हा, एवढ्या लांब रानात बिऱ्हाड कसे करावयाचे म्हणून आम्ही सारीच चिंतेत होतो. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “चला, माझ्या सोवळ्याचे माहेर तरी पाहू.”

आमची थोरली आता साडेसहा वर्षांची आहे व धाकटा चार वर्षांचा. दोघांनाही मी घरीच शिकविते. हे ऐकून पाहुणेमंडळी प्रथम माझ्याकडे व नंतर मामंजींकडे पाहतात. घरात वडील माणूस असता हे चालते कसे, असा त्या पाहण्याचा भाव असतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. घरी शिकणाऱ्या मुलांविषयी त्यात निराळे कलम नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या इयत्ता तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीच्या परीक्षांची वाट आहे, तिचा आम्ही विचार करून ठेविला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि पुढे कोसबाडास गुरे चारणाऱ्या मुलांमागोमाग शाळाच कुरणात नेली, हे मी माहेरी वाचले होते. त्या कुरणशाळेचे खूळ माझ्या डोक्यात तेव्हापासूनचे. मात्र ताराबाईंच्या मुलांस शाळा मिळत नव्हती म्हणून ती त्यांच्याकडे गेली. माझ्या मुलांस ती दारात आहे आणि मी त्यांना पाठवीत नाही. ही सवड आहे, आणि ती घरात चार माणसे आहेत म्हणून आहे, हे मी विसरत नाही. मामंजी अंक व पाढे पाहतात, सासूबाईंकडे स्तोत्रे व स्वयंपाकघर, ह्यांच्याकडे रविवार. उरलेले माझे.

पावसाळ्यात आमची शाळा ओटीवर भरते. शरद ऋतू लागला की ती बाहेर पडते. आश्विनात आकाश निवळते, तलावांचे पाणी स्थिर होते, हलका धान पिवळा पडू लागतो व भारी धान अद्याप हिरवाच असतो. एकाच बांधावर उभे राहून दोहोंची लोंबी हातात घेता येते. दूध भरलेला दाणा नखाने फोडून पाहणे हा धाकट्याचा आवडता अभ्यास. बांधावर शेपटी हालवीत धोबी पक्षी धावू लागले की थोरली भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख मांडते. हे पाहुणे हिमालयाकडून येतात, आणि गतवर्षीपेक्षा लवकर आले की उशिरा, याची तिला मोठी काळजी.

नवरात्रात शिंगाड्याचे पीठ घरोघरी लागते; पण शिंगाडा पाण्यात उगवतो हे किती मुलांस ठाऊक असते? येथे तो डोळ्यांदेखत निघतो. ढिवर मंडळी तलावात उतरून वेलींचे झुबके उलटे करून शिंगाडे खुडतात. बाजारात ते ओले, हिरवे-तांबूस असे ढिगाने मिळतात. एकेका शिंगाड्यास दोन शिंगे, तेव्हा चौदा शिंगाड्यांस किती, हे गणित उकडलेला शिंगाडा तोंडात असताना फार लवकर सुटते.

दसऱ्यापूर्वी आम्ही आपटा आणि कांचन यांची पाने शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही पानांस मध्ये खाच, म्हणून पुष्कळ लोक सोने म्हणून कांचनच ओरबाडतात. आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंदी अधिक आणि हातास खरबरीत. कांचनाचे मोठे व नितळ. थोरलीने त्या वर्षी आलेल्या प्रत्येकाचे सोने तपासून घेतले. हा पाहुण्यांस उपद्रवच झाला, परंतु मी तिला आवरले नाही.

भाषेचा प्रश्न मात्र घरात खरोखर निघाला. झाडीबोलीत ‘ळ’ नाही. डोळा म्हणजे ‘डोरा’, काळा म्हणजे ‘कारा’. शेजारच्या मुलांत खेळून धाकटा ‘डोरा’ म्हणू लागला तशा सासूबाई अस्वस्थ झाल्या. शेवटी मामंजींनी तोड काढली : देवापुढे व पाटीवर ‘डोळा’, अंगणात ‘डोरा’. मुलांस यात काही कठीण वाटले नाही. दोन भाषा येणारास दोन घरे असतात, असे मामंजींचे मत. आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की पहाटेपर्यंत ती पाहण्यास सर्वांत उत्सुक तेच.

एका रविवारी आम्ही वैरागडास गेलो. आरमोरी तालुक्यातीलच हे गाव. येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फज़लाने ऐन-इ-अकबरीत केला आहे. गोंड राजांचा किल्ला रानात ढासळत उभा आहे. हिरा सापडला नाही. धाकट्याने खिसाभर गारगोट्या आणल्या व त्या हिरेच आहेत यावर तो अद्यापि ठाम आहे.

आता कोशाकडे वळते, कारण यंदाचा आमचा शरद बहुतेक त्यानेच घेतला.

टसरचा किडा तुतीवर पोसत नाही. त्यास ऐन किंवा अर्जुन लागतो, तोही रानात उभा असलेला. या भागातील ढिवर कुटुंबे पिढ्यानपिढ्या हा किडा पाळीत आली आहेत. अशा एका गृहस्थांची ओळख शिंगाड्यांच्या निमित्ताने झाली होती. मुले त्यांना काका म्हणतात. त्यांच्यासोबत आम्ही ऐनाच्या राईत गेलो. किडा हिरवागार, बोटाएवढा जाड, दोन्ही अंगांस चंदेरी ठिपके. पानांत असा मिसळलेला की प्रथम एकही दिसेना, आणि एक दिसल्यावर झाडभर दिसू लागले. चार वेळा कात टाकून तो वाढतो. एका झाडाची पाने संपली की किड्यांसकट डहाळी तोडून दुसऱ्या झाडावर लटकवावयाची. कावळे, मुंगळे, गांधीलमाश्या, सर्वांचा त्यावर डोळा. म्हणून दिवसभर राखण. शेवटी किडा फांदीस एका देठाने आपले घर टांगतो आणि आत स्वतःस कोंडून घेतो. कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढा टणक कोष, त्यास कोठे दार नाही. एकाच कोषातून निघणारा धागा पाचशे मीटरांहूनही लांब भरतो.

आम्ही राईच्या कडेवरच थांबलो. २०२२ च्या ऑक्टोबरात याच बाजूस, वडशाच्या जंगलात, तेरा माणसांचा बळी घेणारा वाघ पकडण्यात आला. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला, तोही धानाच्या दिवसांत फिरतच असतो. मुलांना घेऊन आत जाण्याचे धाडस आम्हास नको होते. काका मात्र रोज आत जातात. किडे झाडावर आहेत तोवर ते मांस-मासळी खात नाहीत, शिवाशिव पाळतात, वेगळे निजतात. टसर पाळणाऱ्यांचे असे नेम मध्य हिंदुस्थानाविषयीच्या जुन्या ग्रंथांतही नोंदलेले आहेत. सासूबाईंनी हे ऐकले आणि काही वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या सोवळ्यास आधीपासूनच सोवळे होते.”

पुढला पाठ गावात, सूत काढणाऱ्या एका घरी होता. कोष आधी तापवून घेतात. मग सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात, चार-सहा कोषांची टोके एकत्र धरून धागा ओढतात. कोष परातीत नाचतात, लहान लहान होत जातात. मुले टाळ्या पिटीत होती. धागा संपला तेव्हा परातीत एक तपकिरी, सुरकुतलेले गाठोळे उरले.

“आई, हा किडा निजला आहे का?”

मी सांगितले, की तो मेला आहे. आतून फुलपाखरू बाहेर आले तर कोष फुटतो व धाग्याची सलगता जाते, म्हणून त्यास आधीच मारतात.

“मग आजीच्या सोवळ्यात किती मेले?”

शाळेतील बाईंना, हे घरी जाऊन विचार, असे सांगता येते. आमच्या शाळेत तेवढी सोय नाही.

घरी आल्यावर तिने हाच प्रश्न देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहून आजोबांस केला. मामंजी पूजेस बसले होते. पूजा आटोपून त्यांनी तिला जवळ घेतले व सांगितले, की कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी याच कारणास्तव रेशीम वर्ज्य करण्यास सांगितले होते. आणि सोवळे म्हणजे रेशीमच असे नाही, धुऊन कोणाचा स्पर्श न होता वाळविलेले सुती धोतरही सोवळेच. दुसऱ्या दिवसापासून ते सुती धोतर नेसून पूजा करू लागले. सासूबाईंनी मात्र आपले वस्त्र सोडले नाही. “जे गेले ते माझ्या लग्नाआधी गेले,” त्या नातीस म्हणाल्या. “आता मी हे टाकले, तर ते फुकट गेले असे होईल. फाटेपर्यंत नेसेन. तुझे म्हणणे नव्याबद्दल असेल, तर ते बरोबर आहे.” थोरलीस हे पटले. मलाही पटले, दोन्ही पटले, असेच म्हणावयास हवे.

परंतु नव्याचा प्रश्न दाराशीच येऊन उभा होता. धाकट्या भाऊजींच्या मुलाची मुंज माघात आहे, आणि सोवळी आरमोरीहूनच पाठवा असा जाऊबाईंचा निरोप दिवाळीपूर्वीच आला होता. थोरलीने परस्पर काकांच्या घरी जाऊन, तुम्ही किडे मारू नका, असे सांगून टाकले. काकू हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. त्यांनी तिला आढ्यास टांगलेल्या कोषांच्या माळा दाखविल्या : हे बियाण्याचे, हे आम्ही मारीत नाही, यांतली फुलपाखरे अंडी घालतील. बाकीचे विकले नाहीत तर ताईची फी कशी भरावयाची? त्यांची मुलगी ब्रह्मपुरीस महाविद्यालयात आहे. ती रानात राखणीला बसू नये म्हणून तिचा बाप बसतो.

थोरली घरी आली ती गप्प. रात्री झोपताना तिने विचारले, “किडा मेला नाही तर ताई शिकणार नाही का?” या प्रश्नास माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते, आणि तसे मी तिला सांगितले. सकाळी मामंजींनी पाटी घेतली. फुलपाखरू निघून गेलेल्या फुटक्या कोषांचेही सूत कातता येते; ते जाडेभरडे होते व अशा कोषांस भाव कमी येतो. चांगल्या कोषाचा भाव अमुक, फुटक्याचा तमुक, एका सोवळ्यास इतके कोष. काकांस तोटा न होता फुटक्या कोषांचे वस्त्र घ्यावयाचे तर आपण किती अधिक द्यावे? वजाबाकी आणि गुणाकार एकाच उदाहरणात तिने प्रथमच केला. आकडा आला तो पाहून ह्यांनी भुवया उंचावल्या, पण मामंजी म्हणाले, माझ्या नातवाची मुंज आहे, वरचे पैसे मी देईन. नागपुरास त्याप्रमाणे लिहिले आहे. जाऊबाईंचे उत्तर आले, की वस्त्र खरबरीत असले तर मुंजीत शोभेल का हे त्या आधी गुरुजींस व मग मुलाच्या मामांस विचारतील. तेवढ्यावर तो विषय सध्या आहे. काकूंनी कोष बाजूस काढून ठेविले आहेत, आणि विणकरास माघापूर्वी सूत मिळावयास हवे.

काकूंनी मुलांस दोन जिवंत कोष दिले. ते आमच्या ओटीवर, खिडकीच्या गजास देठानेच टांगले आहेत. या फुलपाखरास खाण्यास तोंडच नसते. आठ-दहा दिवस जगावयाचे, अंडी घालावयाची, संपले. हे ऐकल्यापासून धाकट्याने कोषांखाली वाटीत साखर ठेवण्याचा हट्ट धरला आहे. सध्या ती मुंग्या खातात. काही कोष लवकर फुटतात, काही पावसाळा लागेपर्यंत निजून राहतात, असे काकांनी बजावले आहे. थोरली रोज सकाळी कोष हलक्या हाताने हालवून पाहते. आतील जीव जड आहे, खुळखुळ वाजतो, म्हणजे निजला आहे. दिनदर्शिकेत तिने मृगाच्या दिवसाभोवती आताच वर्तुळ काढून ठेविले आहे.