रावळगाव : गोळीवर छापलेले गाव

१/ पंढरपूरच्या दुकानांत प्रसादाची खडीसाखर वजनावर मिळते. तिच्यावर कारखानदाराचे नाव नसते. साखरेच्या गोळीला नाव देण्याची आणि अखेरीस ते विकण्याची कथा मात्र याच जिल्ह्यातून निघालेल्या एका घराण्याची आहे.

२/ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. कापसाचा व्यापार व सावकारी या घरच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ते रेल्वेचे कंत्राटदार झाले. प्रारंभीचे काम बार्शी लाइट रेल्वेचे होते. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ही गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचली आणि वारकऱ्यांची झाली.

३/ पुढे वालचंद जहाजवाहतुकीत उतरले, तसेच शेतीकडेही वळले. मालेगावजवळच्या रावळगाव येथे त्यांनी ऊस पिकवला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाले आणि १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना उभा राहिला.

४/ १९४२ पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या. खडीसाखरेसाठी पाक सावकाश निववून स्फटिक वाढू देतात. गोळीसाठी याच्या उलट करतात : पाकातले जवळजवळ सारे पाणी आटवून तो स्फटिक धरण्याआधीच थंड करतात, म्हणून ती काचेसारखी होते. ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’ या गोळ्यांबरोबर एका खेड्याचे नाव देशभरच्या बरण्यांत जाऊन बसले.

५/ पण गोळीची किंमत नाण्याला बांधलेली असते. साखर, इंधन, मजुरी महागली, तरी रुपयाची गोळी सव्वा रुपयाला विकता येत नाही. स्पर्धाही वाढली. अखेर २०२४ मध्ये या गोळ्यांची व्यापारचिन्हे आणि कृती २७ कोटी रुपयांना रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सकडे गेल्या. जमीन, इमारती व यंत्रे मात्र मूळ कंपनीकडेच राहिली.

६/ १९३३ मध्ये भांडवल गुंतले ते जमिनीत आणि यंत्रांत. २०२४ मध्ये मोल आले ते नावाला आणि चवीला. हे नाव एकट्या वालचंदांनी मोठे केले नाही. ऊस तोडणारे, भट्टीपाशी उभे राहणारे, गोळ्या वेष्टनात बांधणारे अशा अनेकांचे श्रम त्यात आहेत. उद्योगपतींच्या चरित्रांत त्यांना क्वचितच जागा मिळते. रावळगावचा इतिहास लिहायचा, तर प्रारंभ त्यांच्यापासून करावा लागेल.