किरायाची खोली

दिसायला ती साधीच आहे. दहा बाय बाराची एक खोली, तिला चिकटून स्वयंपाकापुरती जागा, मागे संडास-बाथरूम, दारात बसण्याजोगा ओटा. पण मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत सोयाबीन विकून झालं की तिचं नाव निघतंच निघतं. तूर शेतात उभी असते, हातात थोडा पैसा खेळत असतो आणि कुणीतरी म्हणतं, "कारंज्यात एक खोली बांधून टाकू. महिन्याचा किराया तर येत राहील." ज्याच्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो आणि तोही पावसाच्या मर्जीने, त्याला दर महिन्याच्या पाच तारखेचं अप्रूप वाटणारच. मला या माणसाबद्दल आस्था आहे, म्हणूनच या खोलीचा स्वभाव त्याला आधी कळावा असं वाटतं.

तिचा पहिला स्वभाव असा, की ती मालकाच्या सोयीने भरत नाही. मालकाला वाटतं, गावातल्या घरामागे जागा रिकामी आहे, तिथेच दोन खोल्या काढू, जमिनीचा पैसा वाचेल. एके काळी हे चालायचं. शाळेचे गुरुजी, ग्रामसेवक, नर्सबाई गावातच राहायचे. मग घरोघरी मोटारसायकल आली आणि अप-डाऊन सुरू झालं. मुख्यालयी राहण्याचा नियम कागदावर आहे, पण नोकरदाराची मुलं कारंज्याच्या शाळेत असतात आणि बायको तिथेच नोकरीला असते. गावातली खोली मग फवारणीचा पंप आणि खताची पोती सांभाळत बसते. ज्या माणसाला राहायचं आहे त्याची सकाळ कुठे उजाडते, हे पाहूनच तिची जागा ठरवावी. बसस्टँडहून, शाळेहून, दवाखान्याहून पायी किती वेळ लागतो, ते स्वतः चालून बघावं. प्लॉट विकणाऱ्याचं "पाच मिनिटं" हे नेहमी गाडीवरचं असतं.

समृद्धी महामार्ग याच भागातून गेला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि सगळा 701 किलोमीटरचा रस्ता 2025 मध्ये पूर्ण झाला. एवढं मोठं काम चालू असलं की इंजिनिअर, सर्व्हेवाले, मशीनवाले खोल्या शोधत फिरतात आणि सांगाल तो किराया देतात. तो किराया पाहून बांधायला घेऊ नये. काम संपलं की ती माणसं पुढच्या कामावर जातात, खोली इथेच राहते. शाळा, कॉलेज, बँक, कोर्ट, बाजार समिती यांच्या जिवावर जो किराया येतो तो थोडा कमी असतो, पण टिकतो.

तिचा दुसरा स्वभाव पायात आहे. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर जे उभं असेल ते हलवून सोडते. तयार खोली विकत घ्यायला गेलात तर रंगाकडे पाहू नका, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहा. तिथून तिरपी भेग भिंतीवर चढलेली असेल आणि तिच्यात नवी लांबी भरलेली दिसत असेल, तर पाया मुरमापर्यंत गेलेला नसण्याची शक्यता मोठी. ही पाहणी मे महिन्यात करावी, जमीन पूर्ण आकसलेली असते तेव्हा. नवीन बांधणार असाल तर पैसा वरच्या टाइल्सवर कमी आणि खालच्या खोदाईवर जास्त घाला. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मिस्त्री "एवढं पुरे" म्हणाला तरी थांबायचं नाही.

आणि मग राहायला येणारा माणूस. तो दारात उभा राहतो तेव्हा मालकाला वाटतं, हा फरशी बघतोय. तो बघत असतो खिडकी. वऱ्हाडात एप्रिल लागला की कूलरशिवाय रात्र निघत नाही. कूलर बसेल एवढी खिडकी, बाहेर त्याचा स्टँड उभा राहील एवढी जागा, हाताशी प्लग आणि त्यात पाणी भरायला जवळ नळ, या चार गोष्टी ज्या खोलीत आहेत ती सहसा रिकामी राहत नाही. टिनाचं छत असेल तर मात्र कूलरही हार मानतो. त्याचा दुसरा प्रश्न असतो, "नळ कोणत्या वारी येते?" तेव्हा ज्याला "नळ कधीही येऊ द्या, वर हजार लिटरची टाकी आहे" असं सांगता येतं, त्याला किरायाची घासाघीस फारशी करावी लागत नाही. विजेचं मीटरही वेगळं घ्या. एकाच मीटरवर युनिट मोजून पैसे मागायचे म्हटले की दर महिन्याला कुरबुर होते, आणि चांगला किरायदार कुरबुरीलाच कंटाळून जातो.

आता तिचा हिशेब, कारण इथेच लोक तिला समजून घेत नाहीत. समजा, प्लॉटला साडेतीन लाख आणि बांधकामाला साडेचार लाख गेले. किराया 3,000. वर्षाचे 36,000, म्हणजे आठ लाखांवर साडेचार टक्के. त्यात एक महिना ती रिकामी राहणार, हे धरूनच चाला. कर, रंग, नळाची तोटी, मोटारीची दुरुस्ती यांचे चार हजार काढा. उरतात 29,000, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जरा वर. बँकेतली ठेव याहून जास्त देते. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी काढलं तर हप्ता सहा हजारांच्या वर जातो आणि किराया त्याच्या निम्म्यावरच थांबतो. उरलेले तीन हजार दर महिन्याला शेतातून काढावे लागतील. ज्या वर्षी पीक बुडेल त्या वर्षीही. "किरायातून हप्ता फिटतो" असं जो सांगेल त्याला हा हिशेब कागदावर करून दाखवायला सांगा.

मग तिला बांधायचंच कशाला? कारण ती वाढू शकते. गावोगावच्या स्लॅबवर गंजलेल्या सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात, त्या याच आशेच्या असतात. वरचा मजला चढवताना प्लॉट पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. जिन्यासकट पाच लाख लागले आणि वरच्या खोलीलाही 3,000 च आले, तरी त्या पाच लाखांवर सात टक्क्यांच्या वर पडतात, आणि खालच्या खोलीसारखाच रिकामा महिना व खर्च वजा केला तरी पावणेसहाच्या पुढे उरतात. दोन्ही मजले मिळून तिचं रूप पालटतं. म्हणून पहिल्या खोलीच्या वेळीच कॉलम दोन मजल्यांच्या हिशेबाने भरून घ्या, नकाशा दोन मजल्यांचा काढा आणि नगरपरिषदेची बांधकाम परवानगी हातात ठेवा. कॉलमच्या वर सोडलेल्या सळयांवर सिमेंटचं पाणी फिरवून त्यांना कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा. चार पावसाळे उघड्यावर भिजलेली सळई वरच्या मजल्याच्या कामाची राहत नाही. दुसरा प्लॉट दुसऱ्या गल्लीत घेऊन तिथे पुन्हा पायापासून सुरुवात करण्यापेक्षा असं उभं वाढणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. खालच्या खोलीचा किराया वेगळ्या खात्यात पडू द्या. वरच्या मजल्याची वीट त्याच खात्यातून यावी.

प्लॉट मात्र एन. ए. झालेला आणि मंजूर लेआउटमधलाच हवा. शेताचे गुंठे पाडून शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलेली जागा स्वस्त पडते आणि जन्मभर गळ्यात राहते. तिच्यावर बँक कर्ज देत नाही, परवानगी मिळत नाही, विकायला काढली तर घेणारा पाठ फिरवतो.

म्हातारी माणसं अजून एक भीती घालतात. "घर देऊ नको, किरायदार निघत नाही." ही भीती हवेतून आलेली नाही. वऱ्हाडात 1949 चा सी. पी. ॲन्ड बेरार घरभाडे नियंत्रण आदेश होता. त्याच्या काळात किरायदाराला जागा सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. त्या खटल्यांत लोकांच्या पिढ्या गेल्या. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला आणि तो आदेश संपला. आता लिव्ह अँड लायसन्सचा करार केला की मुदत संपल्यावर जागा परत मागता येते, आणि माणूस अडून बसला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागून दुप्पट दराने पैसे मागता येतात. पण त्यासाठी करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर किरायदार ज्या अटी सांगेल त्याच, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. खर्च किती? तीन हजार किराया आणि दहा हजार डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने शंभराच्या आसपास, आणि नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एवढ्यासाठी भीती उशाला घेऊन झोपायचं कारण नाही.

किरायाचं उत्पन्न आयकरातही दाखवावं. भरलेली घरपट्टी वजा होते, आणि उरलेल्यातून तीस टक्के सरळ सूट मिळते, दुरुस्ती केली असो वा नसो.

किरायदार निवडताना जात-पात, एकटी बाई, मुलं किती, असल्या चौकश्यांत घरमालक अडकतात आणि चांगली माणसं दारातून परत पाठवतात. मला याचं फार वाईट वाटतं. एकटी राहणारी नर्स किंवा शिक्षिका खोली नीट ठेवते, किराया वेळेवर देते आणि तिलाच दहा ठिकाणी नकार मिळतो. विचारायचं ते नोकरीचं पत्र, आधार, आधीच्या घरमालकाचा फोन. पोलीस स्टेशनला माहिती द्यायची. डिपॉझिट घेताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो दोघांनी मिळून काढायचे, आणि तो जाईल त्या दिवशी ते फोटो समोर ठेवून डिपॉझिट त्याच्या हातात द्यायचं. ज्या घरमालकाकडून डिपॉझिट विनातक्रार परत मिळतं, त्याच्या खोलीला पुढचा किरायदार जाणाराच आणून देतो.

बदल्या मे-जूनमध्ये होतात, कॉलेजं जून-जुलैत भरतात. म्हणून करार असा बसवा की तो मेअखेर संपेल. दिवाळीत रिकामी झालेली खोली कधी कधी उन्हाळ्यापर्यंत तशीच राहते. मे महिन्यात रिकामी झाली तर पंधरा दिवसांत चुना मारून, टाकी धुऊन, कूलरचा स्टँड रंगवून ती पुन्हा देता येते.