दोन ग्रॅमचा फरक

अमेरिकेच्या पश्चिम भागात वायोमिंग नावाचे विरळ वस्तीचे एक राज्य आहे. तेथील जॅक्सन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फूट उंचीवर वसले आहे. कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. परंतु त्याच्या माथ्यावर आणखी आठशे फुटांची टेकडी रचली, तर ती कोठे या गावाच्या रस्त्यांची बरोबरी करील! अशा या गावाला अगदी खेटून स्नो किंग नावाचा डोंगर उभा आहे. गावापासून त्याचा माथा दीड हजार फुटांहून अधिक उंच आहे. हिवाळाभर त्याच्या उतारावरून लोक घसरत खाली येतात. मार्च महिन्यात मात्र काही दिवस सारा प्रकार उलटा होतो. त्या दिवसांत माणसे यंत्रावर बसून त्याच उतारावरून वर जाऊ पाहतात. १९७६ साली सुरू झालेली ही शर्यत पाहण्यासाठी पायथ्याशी मोठी गर्दी लोटते.

या यंत्राला स्नोमोबाइल म्हणतात. पुढे दोन घसरपट्ट्या, मध्ये इंजिन, आणि मागे चाकांऐवजी रबराचा एक रुंद, अखंड फिरता ट्रॅक, असे त्याचे रूप असते. ट्रॅकवर वल्ह्यांसारखी रबरी पाती उभी असतात. ती बर्फात रुततात, बर्फ मागे लोटतात आणि यंत्राला पुढे ढकलतात. शर्यतीत स्पर्धक एकेकटा सुटतो. त्याची झुंज दुसऱ्या स्पर्धकाशी नसते, ती डोंगराशी आणि घड्याळाशी असते. चढ वर वर इतका उभा होत जातो, की अनेकांची यंत्रे मध्येच थबकतात, कलंडतात आणि कोलांट्या खात खाली येऊ लागतात. ती अडविण्यासाठी उतारावर ठिकठिकाणी दोर घेतलेली माणसे उभी असतात. त्यांचे काम पाहिले म्हणजे हा निव्वळ पोरखेळ नव्हे, हे ध्यानात येते.

ज्याचे इंजिन दांडगे तो जिंकणार, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. पण दांडगी इंजिने तर सगळ्यांपाशीच असतात. ती शक्ती चढाच्या प्रत्येक वळणावर ट्रॅकपर्यंत पोहोचते किंवा नाही, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर बहुधा आदल्या रात्रीच ठरून गेलेले असते.

अशाच एका रात्री गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मेकॅनिक आणि त्याची एकोणीस वर्षांची मुलगी एका उघड्या यंत्रापाशी बसली होती. मुलगी स्पर्धक होती आणि बाप तिचा सारा लवाजमा होता. बाहेर पारा शून्याच्या खाली उतरला होता. मुलगी हातमोज्यांत हात खुपसून गप्प बसली होती. कारण दुपारच्या सरावात तिचे यंत्र माथ्याच्या बरेच खाली धापा टाकीत थांबले होते. दोर घेतलेल्या माणसांनी ते वेळीच धरले, म्हणून ते शाबूत राहिले. इंजिन तेच, ट्रॅक तोच. स्वतःच्या गावाजवळच्या टेकडीवर हेच यंत्र हरणासारखे पळत होते. मग येथे काय बिघडले?

बापाने बाजूचे झाकण काढले. आत दोन पुल्या होत्या आणि त्यांना जोडणारा रबराचा एक पट्टा होता. गिअर न बदलता चालणारी स्कूटर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना अगदीच परकी वाटू नये. तिच्या पोटातही अशाच दोन पुल्या आणि असाच पट्टा असतो. दोन थाळ्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात, तशी प्रत्येक पुली दोन उतरत्या तबकड्यांची बनलेली असते. तबकड्या दूर सरल्या की पट्टा मधल्या खोबणीत खोल बसतो. जवळ आल्या की तो कडेकडे वर चढतो. पुढच्या पुलीत पट्टा खोल आणि मागच्या पुलीत कडेला असला, म्हणजे जोर अधिक मिळतो व वेग कमी. याच्या उलट असले, म्हणजे वेग अधिक आणि जोर कमी. सायकलस्वार घाटात जे गिअर बदलून करतो, तेच हा पट्टा क्षणाक्षणाला आपण होऊन करीत असतो.

परंतु हे त्याला सांगते कोण? पुढच्या पुलीत बोटभर लांबीची पोलादी वजने बसविलेली असतात. इंजिन वेगाने फिरू लागले की ती, गोफणीतल्या दगडाप्रमाणे, बाहेर झेपावू पाहतात आणि तबकड्यांना एकमेकींकडे रेटतात. एक भक्कम स्प्रिंग त्यांना विरोध करीत असते. मागच्या पुलीतही स्प्रिंग असते, आणि शिवाय तिरकस उताराचा एक भाग असतो. बर्फ जड झाले किंवा चढ एकदम उभा राहिला, की ट्रॅकवर ताण येतो. त्या ताणानेच हा तिरकस भाग मागच्या तबकड्या जवळ दाबतो आणि पट्टा पुन्हा जोराच्या बाजूला परततो. पुढची पुली इंजिनाचे ऐकते आणि मागची डोंगराचे, असे म्हटले तरी चालेल. दोघींच्या ओढाताणीत पट्टा आपली जागा शोधीत राहतो.

या ओढाताणीला एक मर्यादा पाळावी लागते. अशा इंजिनाची सारी ताकद एका ठराविक गतीपाशी एकवटलेली असते. मिनिटाला सुमारे आठ हजार फेरे, असे समजू. फेरे त्याखाली गेले की इंजिन दमते. त्यावर गेले की आवाज वाढतो, काम वाढत नाही. चढ सौम्य असो की उभा, बर्फ कडक असो की भुसभुशीत, इंजिन त्याच एका गतीला टिकून राहिले पाहिजे. ताशी वेग कमी-जास्त होऊ द्यावा, इंजिनाचा सूर मात्र बदलू देऊ नये. कसबी मेकॅनिक डोळे मिटून, नुसत्या कानाने हे ओळखतो.

मुलीने दुपारी सांगितलेला आकडा बापाने वहीत लिहून ठेवला होता : वरच्या टप्प्यात ७,७०० फेरे. त्यातच सारा दोष उघड झाला होता. त्यांचे गाव जॅक्सनहून बरेच खाली, मैदानी मुलखात होते. माणूस उंचावर जाऊ लागला की हवा विरळ होते आणि त्याला धाप लागते. इंजिनाचेही तसेच आहे. दर हजार फुटांमागे त्याची शेकडा सुमारे तीन हिश्शांची ताकद सरते. गावी बसविलेली वजने त्या गावच्या हवेला योग्य होती. येथे इंजिन अशक्त झाले, वजने मात्र तितकीच जड राहिली. ती पट्ट्याला घाईघाईने वेगाच्या बाजूला रेटू लागली, आणि ओझे न पेलल्यामुळे इंजिन बसत गेले.

वजने हलकी करावयाची, एवढे निश्चित झाले. पण किती? एक-दोन ग्रॅमच्या फरकाने शंभर-दोनशे फेरे इकडचे तिकडे होतात. फार हलकी केली, तर पट्ट्यावरची पकड ढिली पडते. मग पट्टा घसरतो, तापतो आणि ऐन चढावर तुटतो. बापाने सोनाराच्या काट्यासारखा एक लहानसा काटा काढला आणि एकेक वजन तोलण्यास प्रारंभ केला.

तोवर मुलीने दुसरेच दुखणे काढले. ट्रॅककडे जाणाऱ्या साखळीची दंतचक्रे बापाने गावीच बदलली होती. वर वीस दातांचे, खाली पन्नास दातांचे. म्हणजे वरच्याने अडीच फेरे घ्यावेत तेव्हा खालच्याचा एक पुरा व्हावा. त्याने जोर आला, पण सपाटीवरचा वेग गेला.

“बाबा, खालच्या उतारावर सगळे माझ्या पुढे असतील. तिथे वेग घेतला नाही, तर वर पोहोचणार कशी?”

“खालचा उतार सगळेच चढतात,” वजनावरची नजर न काढता बाप म्हणाला.

मुलीला ते पटले नाही. तिचेही चुकत नव्हते; घड्याळ खालच्या उतारावरही चालूच असते. अशा शर्यतीत दोन्ही गोष्टी पदरात पाडून घेता येत नाहीत. काय सोडावयाचे, ते ठरवावे लागते. आणि सोडलेल्या गोष्टीची हळहळ ज्याच्या हाती यंत्र असते त्यालाच अधिक लागते.

या यंत्राची जन्मकथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रात्री शेडमध्ये पसरलेले त्याचे सुटे भाग पाहून थोडे निराळे वाटल्यावाचून राहत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हाल्कूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तरुण कारागीर राहत असे. बर्फावर चालणारी गाडी बनविण्याचा त्याला ध्यास होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजले होते. इस्पितळ दूर होते. आणि बापाची गाडी कारखान्यात सुटी करून ठेवलेली होती. मुलगा दगावला. पुढे बोंबार्दिएने रबराने मढविलेले दंतचक्र आणि त्यात नेमका गुंतणारा ट्रॅक सिद्ध केला. १९३७ साली त्याला त्याचे एकस्व मिळाले. त्याच्या सात माणसांच्या बर्फगाड्यांतून पुढे डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले जाऊ लागली. एक-दोघांनी बसावयाचे लहान यंत्र त्याने १९५९ साली बाजारात आणले. आजच्या शर्यतीची यंत्रे त्याच कुळातील होत. शर्यतीच्या गोंगाटात हे कोणाला आठवत असेल, असे वाटत नाही. आणि आठवलेच पाहिजे असाही काही नियम नाही.

पहाटेपर्यंत दोन ग्रॅम हलकी असलेली वजने बसली. सकाळी बर्फ कडक होते. पण मुलीचा क्रमांक येईतो ऊन चढले आणि वरचा थर भुसभुशीत होऊ लागला. ट्रॅकवरचा ताण रात्रीच्या हिशेबापेक्षा वाढणार, हे बापाला उमगले. पण आता काही करण्याजोगे उरले नव्हते. निशाण पडले. यंत्र सुटले. खालच्या उतारावर ते खरोखरच मंद होते. शेजारच्या एकाने तसे बोलूनही दाखविले. बापाने डोंगराकडे पाठ फिरविली आणि डोळे मिटले.

सूर एकसारखा येत होता. मग तो किंचित खाली आला. चढ उभा झाला होता. क्षणभर तो तसाच रेंगाळला आणि पुन्हा वर आला. पट्टा जोराच्या बाजूला परतला होता. काल जेथे धाप लागली होती, ती जागा मागे पडली असावी. त्यापुढे सूर आणखी एकदा डळमळला, या खेपेस अधिक वेळ. दोर घेतलेली दोन माणसे पुढे सरसावली. बापाच्या हाताची मूठ घट्ट वळली. मग माथ्याकडून एक आरोळी आली, आणि पाठोपाठ सूर थांबला.

यंत्र माथ्यावर पोहोचले होते. वेळ काही बक्षिसाजोगी नव्हती. तिच्याहून जलद असे अनेकजण त्या दिवशी निघाले. पाऊण तासाने यंत्र खाली आणल्यावर मुलीने शिरस्त्राण काढले. तिचा चेहरा घामाने आणि हिमाने ओला झाला होता. बापाने काहीच विचारले नाही. त्याने झाकण उघडले आणि दोन्ही पुल्यांवर तळहात टेकला. त्या गरम होत्या, पण हात टिकत होता.

“वरती ७,९०० होते,” मुलगी म्हणाली. “बाबा, अजून एक ग्रॅम?”

त्याने खिशातून वही काढली. दिवसाचे तापमान, बर्फाची जात आणि तो आकडा त्याने लिहिला, आणि काटा आणण्यासाठी तिला शेडमध्ये पाठविले.